ओटा, हॉब आणि ओव्हन: पुण्यातल्या जुन्या फ्लॅटमधल्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

आमची इमारत नव्वदच्या दशकातली. ओटा कडप्प्याचा, वर नंतर चिकटवलेला काळा ग्रॅनाइट. मे महिन्यात सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि सिलिंडर जमा झाला. जुनी तीन बर्नरची शेगडी पाइपच्या गॅसवर चालावी म्हणून जोडणीला आलेल्या माणसाने तिचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) सुईसारख्या ड्रिलने मोठे करून दिले. तेव्हापासून ज्योत पिवळी, पातेल्यांची बुडं काळी आणि कुकरची पहिली शिट्टी यायला पूर्वीपेक्षा कितीतरी उशीर. ओव्हन म्हणून वापरत होतो तो कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह गरम होतो, पण पाव वरून पांढराच राहतो.

म्हणून दोन्ही नवीन घ्यायचं ठरलं. बजेट ₹६०,०००. मुदत गौरी-गणपती, म्हणजे ऑगस्टचा शेवटचा आठवडा. ज्यांचा ओटा असाच जुना आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

२२ जून

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन ओटा मोजला. भिंतीच्या टाइलपासून पुढच्या कडेपर्यंत २३ इंच, म्हणजे साधारण ५८५ मिलिमीटर. हॉब म्हणजे ओट्याच्या दगडात बसवायची शेगडी; बऱ्याच हॉबना दगडात ५६० बाय ४८० च्या आसपास चौकोन कापावा लागतो. पुढे-मागे मिळून उरतात १०५ मिलिमीटर. मागे भिंतीपासून ५० सोडले तर पुढे जेमतेम ५५ ची पट्टी. जमेल, पण ती पट्टी नाजूक.

खरी अडचण खाली आहे. ट्रॉली बाहेर काढून बॅटरीने पाहिलं तर नेमक्या त्या जागी, जरा डावीकडे, ओट्याला आधार देणारा उभा कडप्पा आहे. जुन्या ओट्यांत हे हमखास असतं आणि वरून कळत नाही. हॉबचं पोट दगडाच्या खाली येतं, त्यामुळे कडप्प्याला वरून खाच घ्यावी लागणार. तो पूर्ण काढायचा नाही, असं गवंड्याने फोनवरच बजावलं.

सिलिंडरची रिकामी झालेली खणाची जागाही मोजली: आतली रुंदी २२ इंच. तिथे ओव्हन बसेल असं माझ्या मनात होतं. त्याबद्दल पुढे.

२८ जून

आमच्याकडे सकाळी सात ते सव्वाआठ हाच खरा स्वयंपाक. एका वेळी कुकर, पोळ्यांचा तवा आणि भाजीची कढई, मध्ये चहा घुसतो. म्हणजे तीन बर्नर एकदम, आणि तिन्हींवरची भांडी मोठी.

दुकानात चार बर्नरचा ६० सेंटिमीटरचा हॉब फार शोभून दिसतो, कारण त्यावर भांडी नसतात. मी फ्रीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन हॉबचे आराखडे खऱ्या मापात काढले, बर्नरच्या मध्यांवर खुणा केल्या आणि आपलीच भांडी ठेवून पाहिली. ६० च्या हॉबवर ११ इंची तवा आणि पाच लिटरचा कुकर शेजारी ठेवले की एकमेकांना घासतात. कुकरची मूठ थेट कढईवर येते. चौथा बर्नर तर दिसतच नाही, तव्याखाली जातो. ७८ सेंटिमीटरच्या तीन बर्नरच्या हॉबवर डावा आणि उजवा बर्नर पुरेसे लांब आहेत आणि मधला मागे आहे. सासूबाईंनी पुठ्ठ्यासमोर उभं राहून पोळी लाटल्याचं, उलटल्याचं नाटक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "कुकर मागे ठेवू नकोस. तव्यावरून हात नेऊन शिटी काढायला लावशील मला." म्हणून कुकर उजवीकडे, कढई मागे, तवा डावीकडे.

पुठ्ठ्याला खर्च शून्य. दुकानात दिलेल्या तासांपेक्षा याने जास्त ठरवलं.

५ जुलै

इंडक्शनचा विचार गंभीरपणे केला, कारण धूर नाही आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापत नाही.

फ्रीजवरचं लोहचुंबक घेऊन सगळी भांडी तपासली. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, हिंडालियमच्या कढया आणि पितळी पातेलं नापास. स्टीलची काही पातेली चिकटली, काही नाही. लोखंडी तवा चिकटला, पण त्याचं बूड खोलगट आहे, काचेवर मधलाच भाग टेकतो. शिवाय भाकरी आणि फुलका शेवटी ज्योतीवर टाकायचा, वांगं भरतासाठी ज्योतीवरच भाजायचं. यासाठी एक तरी गॅस लागणारच.

मग वीज. चार झोनचा बसवायचा इंडक्शन हॉब सगळा एकदम चालवला तर साधारण ७,२०० वॉट. २३० व्होल्टने भागलं की ३१ अँपिअर. आमच्या बिलावरचा मंजूर भार ४ किलोवॉट. इलेक्ट्रिशियनने स्वयंपाकघराचा बोर्ड उघडला तेव्हा कळलं की १६ अँपिअरचा एकच पॉइंट आहे आणि त्याच तारेवर फ्रीज आणि वॉटर प्युरिफायरही आहेत. इंडक्शन हॉबसाठी भार वाढवून घ्या, मीटरपासून नवी जाड तार ओढा, भिंत फोडा. तो विषय तिथेच मिटला.

खर्चाचाही हिशेब करून पाहिला. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळायला ७५ किलोकॅलरी लागतात. इंडक्शनवर साधारण ०.१ युनिट, पाइपच्या गॅसवर साधारण ०.०१६ घनमीटर. आमच्या दोन्ही बिलांवरच्या दरांनी फरक काही पैशांचा येतो. पैसे वाचतील म्हणून इकडून तिकडे जाण्यात काही अर्थ नाही.

शेवटी तीन बर्नरचा गॅस हॉब, आणि चहा-दुधासाठी एक सुटी २,००० वॉटची इंडक्शन शेगडी. गॅस बंद पडला तर तीच अडीनडीला.

१२ जुलै

हॉब की काचेची वर ठेवायची शेगडी, यावर घरात वाद. नवऱ्याचं म्हणणं, ओटा कापला की कापला. शेगडी बिघडली तर बदलता येते, हॉब बिघडला तर त्याच मापाचा शोधत बसा. मुद्दा बरोबर आहे. चौकोनाचं माप कंपनीगणिक वेगळं असतं.

माझं पारडं उंचीने फिरलं. ओटा जमिनीपासून ३३ इंच, त्यावर शेगडी चार-साडेचार इंच, त्यावर कुकर. सासूबाईंची उंची पाच फूट. कढईत काय चाललंय ते त्यांना टाचा उंचावून पाहावं लागतं. हॉबची जाळी दगडाच्या वर जेमतेम दीड-दोन इंच येते. हे अडीच इंच रोज सकाळी कामाला येतात. त्या बदल्यात चिमणी तेवढीच लांब जाते. आमची आता जाळीपासून ३० इंचांवर येईल. साधारण २६ ते ३० इंच चालतं, म्हणजे काठावर पास.

काच की स्टील? स्टील. ८ मिलिमीटरची टफन्ड काच चांगली असते, पण आमच्याकडे खलबत्ता ओट्यावरच असतो आणि त्याचा दस्ता कोणाच्याही हातून निसटतो. स्टीलच्या हॉबची निवड दुकानांत फार कमी आहे, शोधायला वेळ गेला.

१९ जुलै

गॅसचा प्रकार. यावर दुकानदार सगळ्यात बेफिकीर असतात: "दोन्हीवर चालतं, मॅडम." चालत नाही. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा २१ ने. शिवाय पाइपचा गॅस हलका, तेवढ्याच आकारमानात त्यात उष्णता कमी. म्हणून त्याला मोठ्या भोकाचे जेट लागतात. सिलिंडरचे जेट पाइपवर लावले तर ज्योत मरतुकडी. उलट केलं तर ज्योत उंच, पिवळी आणि धोक्याची. हाताने भोक मोठं केलेला जेट गोल राहत नाही, त्याचं फळ आम्ही दोन महिने भोगतोय.

पेटीवर बघायचं ते हे: सिलिंडरच्या शेगडीचं भारतीय मानक आयएस ४२४६, पाइपच्या गॅसचं आयएस १७१५३. पहिल्यात किमान औष्णिक कार्यक्षमता ६८ टक्के, दुसऱ्यात ५५. त्यामुळे विक्रेता पाइपच्या हॉबला "अडुसष्ट टक्के" म्हणाला तर तो दुसऱ्याच शेगडीचं पत्रक वाचतोय.

ऑर्डर दिली: ७८ सेंटिमीटर, तीन पितळी बर्नर, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारा सेन्सर, पाइपच्या गॅससाठी. ₹१८,९००.

२० जुलै

ओव्हन. भिंतीत किंवा ओट्याखाली बसवायचा ६५-७० लिटरचा ओव्हन मला फार हवा होता. त्याला खणाची आतली रुंदी किमान ५६० मिलिमीटर लागते, समोरचा दरवाजा ५९५ च्या आसपास. आपला खण २२ इंच, म्हणजे ५५९. एक मिलिमीटर! पण तो एक सुटला असता तरी दोन्ही बाजूंच्या उभ्या कडप्प्यांवर दरवाजा आपटला असता, आणि लाकडी चौकटीला जागाच नव्हती. स्वयंपाकघर पूर्ण फोडणाऱ्यांनी जरूर घ्यावा. नुसता ओटा कापणाऱ्यांनी नाद सोडावा.

उरला ओटीजी, म्हणजे सुटा ठेवायचा ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. तो त्या खणात सरकवू या, अशी सूचना सुताराने केली. नको. ओटीजीला चारही बाजूंनी आणि वर चार-चार इंच मोकळी हवा लागते, त्याचं अंग बाहेरूनही चटका देतं, आणि त्याच खणातून हॉबची गॅसची नळी जाणार आहे.

निवडताना लिटरकडे कमी, ट्रेकडे जास्त पाहिलं. घरातला पावाचा डबा आणि नऊ इंची केकचं भांडं पिशवीत घालून दुकानात नेलं. २८ लिटरच्या ओव्हनमध्ये भांडं बसतं, पण पाव फुगला की वरच्या कॉइलला टेकेल. ४०-४५ च्या खाली घेऊ नये, असं माझं मत झालं. वरची-खालची कॉइल वेगवेगळी चालू करता यायला हवी. नानकटाईला खालची धग मंद हवी, आणि गोव्याकडचा बेबिंका करायचा तर थरागणिक वरचीच लागते. पंखा असावा. कोंबडी फिरवायची सळई फुकट मिळाली तरी ती माळ्यावरच जाते.

४५ लिटर, २,००० वॉट, ₹११,६००. म्हणजे ८.७ अँपिअर. साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर अ‍ॅडॉप्टर लावून चालवायची वस्तू नव्हे.

२६ जुलै

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी तार, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), जेवणाच्या टेबलामागे १६ अँपिअरचा पॉइंट. तिथेच ओव्हनचं लोखंडी स्टँड येणार. इंडक्शनचा पॉइंट जुनाच ठेवला, पण फ्रीज त्यावरून काढला. सामानासकट ₹४,१००. अर्थिंग तपासून घेतलं. प्लगमध्ये तिसरी पिन असली म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही, आमच्या एका पॉइंटला नव्हतं.

२९ जुलै

आज ग्रॅनाइट कापायला माणूस येणार होता. तारीख त्याने दिली, मी हो म्हटलं. सकाळी तो कटर घेऊन दारात, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. "अगं, आज नागपंचमी. आज सुरीने भाजी चिरत नाहीत घरात, आणि तू दगड कापायला बोलावलंस?" तवा चढवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही. पुरणाची दिंडं उकडून होणार होती. कापणारा स्वतः सोलापूरकडचा, त्याला हे चांगलं ठाऊक होतं. मुकाट्याने दिंडं खाऊन गेला, उद्या येतो म्हणाला.

दिवस गेला, पण बरंच झालं. संध्याकाळी हॉबचं खोकं आलं आणि आतला पुठ्ठ्याचा साचा ओट्यावर ठेवला तर तो दुकानाच्या पत्रकापेक्षा पुढे-मागे दहा मिलिमीटर जास्त निघाला. सकाळी पत्रकावरून कापलं असतं तर हॉब बसला नसता आणि वेड्यावाकड्या कडेने पुन्हा कापावं लागलं असतं. वस्तू हातात आल्याशिवाय दगडाला कटर लावायचा नाही.

३० जुलै

कापलं. आधी चारही कोपऱ्यांवर गोल भोकं पाडून घेतली, मग त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. कापणारा आधी थेट कटर फिरवणार होता. तसं केलं की कोपऱ्यात कटर रेषेच्या पुढे जातो आणि तिथून दगडाला तडा जातो. आता पुढची पट्टी ४५ मिलिमीटरच उरली, म्हणून तिच्याखाली लोखंडी अँगल चिकटवला. उभ्या कडप्प्याला वरून तीन इंचांची खाच.

पाणी मारत कापलं तरी चिखल सगळीकडे. स्विच बोर्ड प्लास्टिकने बांधले होते ते बरं. चिमणी बांधायची राहिली, तिच्या जाळीतून अजून राखाडी भुकटी पडते. मजुरी आणि अँगल मिळून ₹३,२००. निघालेला ग्रॅनाइटचा चौकोन स्टँडवर ओव्हनखाली ठेवला. उष्णतेला उत्तम आणि स्टँड हलतही नाही.

मग हॉबचं लेबल वाचलं. पेटीवर पाइपचा गॅस, हॉबच्या पोटावर सिलिंडरचा. बिलावर प्रकार लिहून घेतला होता म्हणून हुज्जत थोडक्यात संपली. कंपनीचा मेकॅनिक येऊन जेट बदलेल, "चार दिवसांत". तोवर भोकावर माळ्यावरची कडप्प्याची फळी, तिच्यावर जुनी शेगडी.

९ ऑगस्ट

मेकॅनिक आज आला. जेट बदलले, पैसे घेतले नाहीत. काढलेले जेट पाकिटात घालून, बाहेर "सिलिंडर" लिहून ठेवले. घर बदललं तर लागतील.

तो हॉबच्या कडेने पांढरं सिलिकॉन भरायला निघाला, थांबवलं. खोक्यात फोमची पट्टी येते, तीच लावायची. सिलिकॉनने चिकटवला की दुरुस्तीसाठी उचलताना दगडाची पुढची पट्टीच तुटेल, आणि आपली पट्टी ४५ मिलिमीटरची. नळी तारेच्या जाळीची, केशरी, दीड मीटरच्या आत. कॉक ट्रॉली न काढता हात पोचेल असा बाजूच्या खणात घेतला. नळी, कॉक ₹७००.

१२ ऑगस्ट

ज्योत निळी लागते आणि पाच-सात मिनिटांनी टोकं पिवळी होतात. जेटचा दोष असावा म्हणून पुन्हा फोनाफोनी. मग लक्षात आलं की ट्रॉलीचं दार उघडं असताना असं होत नाही. या हॉबचे बर्नर ज्वलनासाठीची हवा खालून घेतात, आणि खालचं कपाट आपण गच्च बंद केलंय. सुताराकडून दाराच्या वरच्या आणि खालच्या भागात जाळ्या बसवून घेतल्या, ₹६००. ज्योत निळी झाली. वरची जाळी तशीही हवीच होती. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर साठतो. सिलिंडरचा जड, तो तळाशी बसतो, त्याला खालची जाळी लागते.

१७ ऑगस्ट

वापरातल्या कुरबुरी. लहान बर्नरची मंद आच मंद नव्हती, दूध मिनिटात वर. नॉब काढल्यावर आत एक बारीक स्क्रू असतो, तो मंद आचेचा. मेकॅनिकने व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि नवऱ्याने पाव फेरा फिरवला. ज्योत विझणार नाही इतपतच कमी करायची.

जाळीचे दात लांब लांब आहेत, फोडणीचं कढलं त्यात कलंडतं. बाजारात लोखंडी लहान कडी मिळते, ती घेतली. सेन्सरमुळे पेटवताना नॉब दोन-तीन सेकंद दाबून धरावा लागतो. सासूबाई रोज लवकर सोडतात आणि रोज हॉबला बोल लावतात.

मोठा बर्नर भाकरीला निरुपयोगी. त्याची ज्योत बाहेरच्या कड्यात पसरते, भाकरीच्या कडा करपतात आणि मध्य कच्चा. मधल्या आकाराच्या बर्नरवर छान फुगते. पुठ्ठ्यावर तवा डावीकडे ठरला होता तो आता मागे गेला, आणि कढई डावीकडे आली. भांड्यांचं माप पुठ्ठ्याला कळतं, ज्योतीचा आकार कळत नाही.

२४ ऑगस्ट

ओव्हनची परीक्षा. आत ठेवायचा थर्मामीटर, ₹६५०, ही या सगळ्यातली सर्वांत उपयोगी खरेदी. बटण १८० वर ठेवलं तर काटा आधी २०५ पर्यंत चढला, मग १६५ ला उतरला, पुन्हा वर. साध्या थर्मोस्टॅटचं असंच चालतं. पंधरा-वीस मिनिटं तापू दिल्यावर चढउतार कमी होतो. दिवा गेला म्हणजे ओव्हन तयार, असं समजू नये.

मग पूर्ण ट्रेवर पावाचे काप पसरून भाजले. मागचा डावा कोपरा काळा, पुढची रांग फिकट. निम्म्या वेळेला ट्रे फिरवणं आणि एक खण खाली ठेवणं, एवढ्याने काम झालं. नानकटाई बटणावरच्या १५० वर नीट होते. आमच्याकडे पूर्वी दिवाळीला तूप, साखर, रव्याचे डबे बेकरीत देऊन बिस्किटं भाजून आणायचे. त्या भट्टीची चव यात येत नाही, हेही सांगून टाकते.

१ सप्टेंबर

गौरी जेवल्या. पुरण मोठ्या बर्नरवर, जाड बुडाच्या पातेल्यात. पुरण घोटताना पातेलं जाळीवर सरकतं, एकाने सांडशीने धरावं लागलं. जुन्या शेगडीच्या रुंद दातांवर हे होत नसे. कटाची आमटी इंडक्शनवर, पोळ्या मागच्या बर्नरवर. वीज एकदाही गेली नाही, कारण ओव्हन त्या वेळी बंदच ठेवला होता. ४ किलोवॉटच्या भारावर इंडक्शन, ओव्हन आणि गीझर एकत्र लावायचे नाहीत, अशी चिठ्ठी बोर्डावर चिकटवली आहे.

७ सप्टेंबर

हिशेब: हॉब १८,९००, ओटीजी ११,६००, दगड कापणं व अँगल ३,२००, विजेचं काम ४,१००, इंडक्शन शेगडी २,६००, लोखंडी स्टँड २,२००, नळी-कॉक ७००, थर्मामीटर ६५०, जाळ्या ६००. एकूण ₹४४,५५०. कढल्याची कडी आणि चिमणी साफ करून घेण्याचे पैसे यात नाहीत. चिमणी अजून केलेलीच नाही.

मोजून पाहणाऱ्यांसाठी आमचे पुठ्ठ्याचे दोन्ही आराखडे माळ्यावर आहेत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ७८ चा नेला आहे. त्यांचा ओटा २१ इंचांचा निघाला, म्हणजे ५३३ मिलिमीटर. ४९० चा चौकोन काढला तर पुढे-मागे मिळून ४३ मिलिमीटर उरतात. त्यांना वर ठेवायची शेगडीच घ्या म्हटलंय, पाइपच्या गॅसची, पोटावरचं लेबल वाचून.